स्टेशनचं वय नेमकं किती?

प्रश्न : नागपूर स्टेशनची शंभरी २०२५ मध्ये झाली म्हणतात. पण आमची आजी सांगायची, गाडी राणीच्या राज्यातच आली होती. मग खरं काय?
– एक वाचक, महाल

उत्तर : दोन्ही खरं आहे. शंभरी झाली ती इमारतीची. १५ जानेवारी १९२५ ला मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हातून तिचं उद्घाटन झालं. गाडी मात्र १८६७ लाच आली, जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, भुसावळ-बडनेरा-वर्धा करत. ओढ होती कापसाची. त्याआधी गाठोडी बैलगाडीतून जायची, आणि पावसाळा लागला की चाकं काळ्या मातीत रुतून बसायची. रूळ आले आणि दहाच वर्षांत, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली.

मला जास्त जवळची वाटते ती पूर्वेकडची लाइन. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे निघाली, पण मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची. तिचा डबा जी.आय.पी.च्या रुंद, ब्रॉडगेज रुळावर चढेचना. छत्तीसगडचा तांदूळ मुंबईकडे न्यायचा तर नागपुरात पोतं न् पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचं, तेही हमालाच्या पाठीवरून. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ही लाइन घेऊन ब्रॉडगेज केली. माझे आजोबा याच कंपनीत पॉइंट्समन होते, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलायचे. घरात कंपनीचं पूर्ण नाव कोणी घेत नसे, ‘बीएनार’ म्हटलं की झालं.

जी.आय.पी. आणि बीएनार, या दोन कंपन्यांची खूण आजही आहे. मध्य रेल्वेचाही नागपूर विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही. इटारसीची लाइन १९२० च्या दशकात जोडली गेली, १९२९ मध्ये बल्लारशाहच्या पुढे काझीपेटपर्यंत रूळ पूर्ण झाले, तेव्हा कुठे दिल्ली-मद्रास सरळ रस्ता नागपुरातून झाला.

इमारतीचा दगड सावनेरचा वालुकाश्म. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवरून बोट फिरवून बघा, बारीक रव्यासारखे कण हाताला लागतात. मी दर वेळी फिरवतो. सध्या पुनर्विकासाचं काम चाललं आहे. प्लॅटफॉर्म वाढवा, सरकते जिने लावा, प्रवाशांची सोय झालीच पाहिजे. त्या दगडावर तेवढा ऑइलपेंट फासू नका.