शेततळ्यातल्या माशांना फिश मीलऐवजी (म्हणजे सुक्या माशांच्या भुकटीऐवजी) काय घालता येईल? अझोला, सोयाबीन की अळ्या?

अळ्यांवर नंतर येतो, आधी सोयाबीनचं सांगतो कारण तिथे माझे हात पोळलेत.

निफाड तालुक्यात आमचं द्राक्षबागेसाठी केलेलं कागदाचं, म्हणजे प्लास्टिक अंथरलेलं, शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेले. कागदाच्या तळ्याला गाळच नसतो, त्यामुळे मासा आपलं आपण शोधून खाईल हे विसरा, तुम्ही टाकाल तेवढंच. त्या साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि व्यापारी मागतोय चार हजारांच्या आसपास. आमचे दाजी म्हणाले, कशाला विकतो, गिरणीतून भरडून आण, कोंड्यात कालव आणि टाक तळ्यात, ४० टक्के प्रोटीन आहे. मी म्हटलं, दाजी, कच्चं चालत नाही म्हणतात. तर म्हणे, "मासा काय चूल मांडतो का?" सगळे हसले, मीही गप्प बसलो, बहिणीच्या घरचा माणूस, काय बोलणार.

तीन महिने टाकलं. भोकं पाडलेल्या गोणीत भरून पाण्यात टांगायचो, गोणी रोज रिकामी व्हायची, पण जाळं ओढलं तर रोहू बोटाएवढाच! दाजी म्हणे बीज (तळ्यात सोडलेली माशांची पिल्लं) खराब. अहो तेच बीज शेजारच्या तळ्यात होतं, तिथे वीतभर झालेलं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतं, ते प्रोटीन पचूच देत नाही, मग ४० टक्के असो नाहीतर ६०. उष्णतेने ते मोडतं. पुढच्या खेपेला कढईत भाजून मग भरडलं (करपवू नका, करपलं की प्रोटीनमधलं लायसीन हे अमिनो आम्ल जातं) आणि फरक डोळ्यांना दिसला. दाजी अजून बीजावरच अडलेत.

फिश मील कमी करायचं हे बरोबरच. समुद्रातला मासा पकडून तळ्यातल्या माशाला घालायचा, आणि २०२३ ला एल निनोमुळे पेरू देशाने अँचोव्हीचा (ज्या छोट्या माशापासून फिश मील बनतं) पहिला हंगामच रद्द केला तसं झालं की भाव आपल्याला भोवतो.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, फुकटचा म्हणून लोक नाचतात, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, टोपलंभर टाकला तरी हाती मूठभर. जोड म्हणून ठीक. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या मात्र खरंच चांगल्या, सुकवल्यावर ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि खातात भाजीपाल्याचा कचरा. फक्त निफाडला थंडीत पारा ५-६ वर येतो, तेव्हा ही माशी जुगतच नाही, उबदार शेड आणि उजेड लागतो.

हां, एकट्या सोयाबीनवरही पूर्ण भागत नाही, मेथिओनिन (हेही एक अमिनो आम्ल) कमी पडतं, थोडं फिश मील किंवा अळ्या ठेवाच. भाजायचा व्याप नको तर डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) घ्या, ती कारखान्यातून गरम होऊनच येते. आणि आधी तळ्यात दोन हापे (जाळीचे पिंजरे) लावून बघा, एकात तुमचं खाद्य, एकात जुनं, दर पंधरा दिवसांनी वजन. बीज मात्र दोन्हीकडे एकच सोडा, म्हणजे नंतर कोणी बीजावर ढकलणार नाही.