अक्षय ऊर्जा आणि नवे शोध देशांना हवामान बदलाशी जुळवून घ्यायला कशी मदत करतात?

एक फरक आधी सांगतो. सौर किंवा पवनऊर्जेने कार्बन उत्सर्जन कमी होतं, हा झाला बदल रोखण्याचा उपाय. जुळवून घेणं म्हणजे पूर, दुष्काळ, वादळ आलं तरी माणसांचं रोजचं जगणं थांबू न देणं. सौरऊर्जा या दुसऱ्या कामातही उपयोगी पडते, ती मुख्यतः एका कारणाने: तिला लांबच्या तारांची गरज नसते.

बांगलादेशचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथल्या चलन बील या पाणथळ भागात पावसाळ्यात शाळेचे रस्ते पाण्याखाली जातात. वास्तुविशारद मोहम्मद रेझवान यांच्या संस्थेने 2002 मध्ये शाळाच होडीत आणली. होडी काठाकाठाने मुलांना गोळा करते, एका जागी थांबते आणि तिथेच वर्ग भरतो. छतावरच्या सौर पॅनेलमुळे दिवे आणि संगणक चालतात. होडी बांधण्याची कला तिथली पिढीजात. नवं आहे ते शाळा, होडी आणि सूर्य यांना एकत्र आणणं. 'नवा शोध' म्हटलं की आपण महागडी यंत्रं डोळ्यांसमोर आणतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्याच देशात 2003 पासून सुलभ हप्त्यांवर 40 लाखांहून अधिक घरांत छोटे सौर संच बसले. पुढे गावोगावी वीज पोहोचल्यावर त्यांची मागणी घटली. पण खांब पडून वीज गेली तर घरातला एक दिवा आणि चार्ज असलेला मोबाइल, म्हणजेच वादळाचा इशारा मिळण्याची सोय, ही फार मोठी गोष्ट आहे.