जुनी वेबसाइट बंद करतोय, गूगलमधलं स्थान आणि जुन्या लिंका टिकतील का?

पाककृतींची जुनी साइट बंद करून सगळा मजकूर नव्या डोमेनवर हलवलाय, आता जुनं डोमेन सोडून दिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार, निदान इतक्यात तरी नाही. जुन्या होस्टिंगचे पैसे खुशाल वाचवा, पण डोमेनचे पैसे भरत राहा. ते नव्या सर्व्हरकडे वळवा आणि तिथून ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जाईल. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. प्लगिनमध्ये घाईघाईत ३०२ निवडला जातो, तेवढं तपासा.

मी पहिल्यांदा एका ओळखीच्यांची साइट हलवली तेव्हा एका ओळीत सगळे पत्ते नव्या मुखपृष्ठावर नेऊन टाकले आणि स्वतःवर खूश झालो. अळूवडी शोधत आलेला माणूस मुखपृष्ठावर आपटायचा आणि परत जायचा. गूगलही असं रीडायरेक्ट बऱ्याचदा सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं. शेवटी शीट उघडून बसलो: डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. अळूवडीला अळूवडीच. कंटाळवाणं काम आहे, पण खरं काम तेच. ज्या पानाला नव्या साइटवर जोडीच नाही, त्याला ४०४ राहू द्या.

मराठी पत्ते असतील तर आणखी एक गंमत. ब्राउझरमधून कॉपी केलेला पत्ता टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन येतो. तुमचा सर्व्हर अपाचे या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर त्याच्या रीराइट नियमात (पत्ते वळवणाऱ्या ओळीत) ती माळ तशीच चिकटवली तर नियम लागत नाही, कारण अपाचे पत्ता आधी उलगडतो आणि मग जुळवतो. तिथे सरळ देवनागरीत 'अळूवडी' लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं नीट जपणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह करा.

जुन्या डोमेनचं एसएसएल, म्हणजे https साठी लागणारं प्रमाणपत्र, चालू ठेवायला विसरू नका. ते संपलं की रीडायरेक्टच्या आधीच ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो. नंतर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, 'चेंज ऑफ ॲड्रेस' भरा.

रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असं गूगल सांगतं. मी म्हणेन, बाहेरच्या लिंकांवरून माणसं येताहेत तोवर ठेवा. सोडलेलं डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं, आणि मग तुमच्या अळूवडीच्या लिंकवर जुगाराची जाहिरात निघते.

सर्च कन्सोलच्या 'लिंक्स' अहवालात सर्वाधिक लिंका असलेली पानं दिसतील. शीटची सुरुवात तिथून करा.