पंधरा महिन्यांच्या बाळासाठी पाच वर्षांची पॉलिसी?

इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या वाचकाचं पत्र आहे. मुलगा पंधरा महिन्यांचा. हर्लर, म्हणजे एमपीएस-१ या दुर्मिळ जन्मजात आजाराचा तीव्र प्रकार असल्याचं निदान झालंय. बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा खर्च खासगी रुग्णालयाने २२ लाख सांगितला. पगार ३८ हजार, एफडी ६ लाखांची. नात्यातल्या एजंटने वर्षाला दीड लाखाची युलिप, म्हणजे विम्याबरोबर पैसे बाजारात गुंतवणारी पॉलिसी, गळ्यात मारली : पाच वर्षांत १५ लाख होतील, त्यात एफडी घालून ऑपरेशन करा. पहिला हप्ता गेल्या आठवड्यात भरला. आता विचारतात, पुढचे हप्ते एफडी मोडून भरू की पगारातून?

कुठूनच भरू नका. साडेसात लाखांचे पाच वर्षांत १५ लाख व्हायला दरवर्षी २४ टक्के परतावा लागतो. १२ टक्के मिळाले तरी साडेदहा लाखच होतात, आणि युलिपमधून शुल्क कापलं जातं ते वेगळंच. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. नातं बघून गप्प बसू नका.

पण समजा १५ लाख झालेही असते, तरी ते या मुलाच्या उपयोगाचे नव्हते. पाच वर्षं थांबायचं ठरवलंत, ही खरी चूक. या आजारात एक एन्झाइम शरीरात तयार होत नाही, त्यामुळे पेशींत जे मोडलं जायला हवं ते मेंदूत, हाडांत, हृदयाच्या झडपांत साठत जातं. बाहेरून सलाईनमधून दिलेलं एन्झाइम मेंदूपर्यंत पोचत नाही. दात्याच्या पेशी मात्र तिथे जाऊन ते तयार करतात. म्हणून ट्रान्सप्लांट, आणि म्हणून लवकर. मेंदूचं झालेलं नुकसान ट्रान्सप्लांटने भरून येत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातही या आजाराचं ट्रान्सप्लांट वयाच्या पहिल्या दोन वर्षांतलंच धरलंय. म्हणजे तुमच्याकडे नऊ महिने आहेत, आणि तपासण्या, दाता, ट्रान्सप्लांटआधीची केमोथेरपी सगळं त्यातच बसवायचंय. या धोरणाखाली ठरवून दिलेल्या रुग्णालयांत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, त्या रुग्णालयाकडे जातात. तेव्हा निदानाचे सगळे रिपोर्ट घेऊन या आठवड्यातच तिथे नाव नोंदवा. दाता म्हणून मोठ्या मुलीची तपासणी 'पैसे जमल्यावर' करू असं लिहिलंय. ती आत्ताच करा. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तिच्यातही या आजाराचं सदोष जनुक आहे का, म्हणजे ती वाहक आहे का, हेही डॉक्टर बघतील.

एफडी मोडायची आहे, पण मुंबईत राहण्यासाठी. खोली, प्रवास, औषधं, बिनपगारी रजा धरून महिना ५० हजार समजा. सहा महिन्यांचे ३ लाख झाले. मोडल्याचा दंड सहा-सात हजारांच्या घरात जाईल, त्याचा विचारही करू नका.

उरलेले ३ लाख राखून ठेवा. 'नंतर तो अगदी नॉर्मल होईल ना?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. वेळेत झालं तर बुद्धीची वाढ बरीच वाचते, आयुष्य वाढतं. पण हाडांचा त्रास पुष्कळदा राहतो. पाठीची, कंबरेची, हातांची ऑपरेशनं पुढे लागू शकतात, डोळे आणि हृदय तपासत राहावं लागतं. हे ३ लाख त्यासाठी. ते शेअर बाजारात घालू नका, कुणी कितीही टक्के सांगितले तरी.