नवीन पिस्तूल घेतलंय, आता काय काय बदलू?

भावा, आधी थांब जरा. पार्ट्सची यादी बाजूला ठेव आणि आहे तशी पिस्तूल भरपूर चालव, कारण गोळ्या डावीकडे खाली जात असतील (उजव्या हाताने मारत असशील तर) तर बहुतेक वेळा दोष साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, नसतो, तू ट्रिगर झटक्यात ओढतोयस. रिकामी आहे हे दोनदा बघून, डमी राउंड (बारूद नसलेली नकली गोळी) घालून घरी ड्राय फायर कर, म्हणजे गोळी न उडवता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकाची खूण) हलली की लगेच कळतं.

पैसे घालायचेच तर पहिले साइट्सवर घाल. पुढे फायबर ऑप्टिकचा (उजेडात चमकणारा) ठिपका, मागची साइट साधी काळी, एवढ्यानेच नजर पटकन बसते. बसवताना एक लक्षात ठेव, मागची साइट ज्या बाजूला सरकवशील त्याच बाजूला गोळी जाणार, पुढचीचं बरोब्बर उलटं. मग ग्रिप, म्हणजे मूठ, ती हातात घट्ट बसली पाहिजे, बास, साधी ग्रिप टेपपण चालते.

रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) उगाच जड घालू नको, कमी जोराच्या गोळ्यांवर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पूर्ण मागे येत नाही आणि काडतुसाची रिकामी पुंगळी अडकून बसते, मग लोक मॅगझिनला (गोळ्या भरायच्या पेटीला) शिव्या घालतात.

आणि ट्रिगर! व्हिडिओ बघून सिअर (हॅमर अडवून धरणारा छोटा पार्ट) घासायला अजिबात बसू नको, कोन जरा बिघडला तर तो हॅमर, म्हणजे गोळी उडवणारा घोडा, धरून राहत नाही, पिस्तूल खाली पडली तरी सुटू शकते नाहीतर एका दाबात दोन गोळ्या. ते काम गनस्मिथचंच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. आणि कुठलाही पार्ट मागवण्याआधी तुझ्याकडचा कायदा आणि नेमबाजीची मॅच खेळणार असशील तर त्यातल्या तुझ्या डिव्हिजनचे (गटाचे) नियम वाच, बऱ्याच ठिकाणी साधा मॅगवेलपण (मॅगझिन पटकन घालता यावं म्हणून मुठीच्या तळाशी लावायचं रुंद तोंड) चालत नाही.