घरची प्रार्थना बंद पडली, मुलगा उपासनेला यायला नाही म्हणतो. मंडळीतलं वडीलपद सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे कारभार पाहणारा पुढारी (एल्डर), म्हणून सेवा करताना आठवड्यातल्या पाच संध्याकाळी सभा आणि घरभेटींत जातात, घरची प्रार्थना कधीच बंद पडली आणि १३ वर्षांचा मुलगा रविवारी यायला तयार नाही. बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं १ तीमथ्य ३:५ हे वचन वाचून राजीनामा द्यावासा वाटतोय.

एवढ्यावरून देऊ नका. आधी ते वचन नीट पाहू. ज्याला आपल्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, असं पौल विचारतो. या 'सांभाळ करणे'साठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते नव्या करारात आणखी फक्त लूक १० मध्ये येतं, येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी परक्या माणसाची काळजी घेतली तिथे. घरात सगळे ओळीने उभे राहतात का, यापेक्षा कोणी दुखावलेलं दिसलं तर तुम्ही वाट सोडून थांबता का, हे इथे तपासलं जातंय. मुलांमुळे दोषी ठरलेला याजक एली याचं उदाहरण लोक लगेच तोंडावर फेकतात. पण त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास हे मोठे झालेले याजक होते, अर्पणं लुबाडत होते. एली बोलला, पण त्याने त्यांना आवरलं नाही (१ शमुवेल ३:१३). उपासनेला कंटाळलेला तेरा वर्षांचा मुलगा आणि हे प्रकरण यांची तुलनाच होत नाही.

खरी अडचण मला त्या पाच संध्याकाळींत दिसते. निर्गम १८ मध्ये इस्राएलाचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो याने दिलेला सल्ला, म्हणजे हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायचा, सगळ्या पुढाऱ्यांना पाठ असतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला इथ्रो मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलं यांना त्याच्याकडे परत घेऊन येतो, हे मात्र वाचायचं राहून जातं. दुसऱ्या दिवशी तो पाहतो तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलेला!

मागच्या चार आठवड्यांतली मंडळीची सगळी कामं कागदावर लिहा, प्रत्येकापुढे लागलेले तास मांडा. मग प्रत्येक कामावर खूण करा: फक्त मीच करू शकतो, कोणी शिकला तर करील, कोणी आजही करील. पहिल्या खुणेची कामं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरीच कमी निघतील. बाकीची सोपवताना घाई नको. एकदा त्याने बघावं, एकदा दोघांनी मिळून करावं, एकदा त्याने करावं आणि तुम्ही बघावं, मग तुम्ही जायचंच नाही. सोपवलेलं काम परत अंगावर येतं ते बहुतेक वेळा अधिकार न दिल्यामुळे. किल्ली तुमच्याकडे, खर्चाची परवानगी तुमची, आणि प्रत्येक निर्णय तुम्हाला विचारून. मग लोक फोन करणारच. किती रकमेपर्यंत न विचारता खर्च करायचा आणि कोणती बाब वर आणायची, हे लेखी द्या. इथ्रोनेही तेच सांगितलं: मोठं प्रकरण मोशेकडे, लहान त्यांचं त्यांनी मिटवावं.

मंडळीसाठी तीन संध्याकाळी, त्याहून जास्त नाही. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. मृत्यू, दवाखाना किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर तातडी, बाकीचं उद्या. त्यासाठी दोन वडिलांनी आठवडे वाटून घ्यावेत.

घरची प्रार्थना रोज सुरू करायला जाऊ नका, दहा दिवसांत पुन्हा बंद पडेल. आठवड्यातून चार दिवस, जेवण उरकल्याबरोबर, ताटं उचलण्याआधी, १० ते १२ मिनिटं. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६च अध्याय आहेत आणि प्रसंग भराभर पुढे सरकतात. एका वेळी आठ-दहा वचनं, वाचणारा दररोज वेगळा. मग एकच प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हालाही तयार माहीत नसेल असा. प्रत्येकाने एक वाक्य प्रार्थना करावी. गप्प राहायलाही मुभा. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. आणि ही प्रार्थना मोडते ती दोन गोष्टींनी: पुढाऱ्याला उपदेशाची सवय असते म्हणून दहा मिनिटांची चाळीस होतात, आणि 'प्रभू, याला आज्ञाधारक कर' असं म्हणून देवाच्या आडून मुलाला रागावलं जातं. मुलं हे पहिल्याच वाक्याला ओळखतात.

मुलाला 'लोक काय म्हणतील' हे कारण कधीही देऊ नका. तुमचं पद सांभाळणं हे त्याचं काम नाही. रविवारची उपासना हा घराचा शिरस्ता म्हणून ठेवायला हरकत नाही, पण आठवड्यातल्या इतर सभा त्याच्या मर्जीवर सोडा आणि बाप्तिस्मा किंवा दृढीकरणासाठी (विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीसाठी) अजिबात रेटू नका. व्यासपीठावरून त्याचं उदाहरण द्यायचं तर आधी विचारा. मंडळीतली भांडणं जेवणाच्या पाटावर आणू नका. मोठ्यांचं मिटतं, मुलांच्या मनात राहतं. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांची आई सुझॅना वेस्ली आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवत, जॉनचा वार गुरुवार होता. तुम्ही निदान पाऊण तास द्या, त्याच्या आवडीच्या कामात, आणि त्या वेळेत धर्माचा विषय त्याने काढला तरच.

पद सोडण्याबद्दल निर्णय घेण्याआधी पत्नीला एकट्याने विचारा: 'या सेवेमुळे तुझ्या वाट्याला काय येतं?' उत्तर पूर्ण होईपर्यंत स्वतःची बाजू मांडू नका. घरात मारहाण, व्यसन किंवा विश्वासघात असेल तर ताबडतोब बाजूला व्हा. मारहाण असेल तर घरच्यांची सुरक्षितता आधी, आणि ते प्रकरण मंडळीच्या बैठकीत झाकून मिटवायचं नाही. तसं काही नसून नुसता थकवा असेल तर तीन महिन्यांची रजा लेखी मागा. त्यात तुमची कामं कोण पाहील त्याचं नाव आणि परत येण्याची तारीख घाला. 'थोडे दिवस विश्रांती' असं मोघम सांगितलं, तर दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी दारात उभं राहील.