हौशी टीमसाठी सगळ्यात चांगलं फॉर्मेशन कोणतं: ४-३-३, ४-४-२ की ३-५-२?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून एकदाच प्रॅक्टिस होते, एक स्ट्रायकर चांगला पळतो, मिडफिल्डमध्ये पायात बॉल ठेवणारी पोरं आहेत, आणि कोचचा आग्रह आहे की तीन बॅक ठेवून खेळू. त्यावर प्रश्न असा की सगळ्यात चांगलं फॉर्मेशन कोणतं, आणि प्रत्यक्ष निवड कशी करायची.

४-४-२. (आकडे मागून पुढे वाचायचे: बॅक, हाफ म्हणजे मिडफिल्डर, आणि फॉरवर्ड.) झालं उत्तर. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण 'तीन बॅक ठेवून खेळू' या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे मला लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

मी लेफ्ट बॅक. हौशी टीमला डाव्या पायाचा माणूस मिळाला की त्याला तिथे उभं करतात आणि विसरून जातात. माझी काही तक्रार नव्हती. पळण्यात मी कधीच पहिला नव्हतो. पण समोरच्या विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्या माणसाला, आत जाऊ द्यायचं की बाजूच्या लाइनकडे ढकलायचं हे मी ठरवायचो, तो नाही. माझ्यापुढे लेफ्ट हाफला बरीच वर्षं एकच जण खेळायचा. तो वर गेला की मी थांबायचो, मी वर गेलो की तो थांबायचा. एकमेकांना हाक मारायची गरज पडायची नाही. आमची टीम काही थोर नव्हती, पण डाव्या बाजूने गोल खायची नाही.

मग नवे कोच आले. चेल्सीने नुकतीच इंग्लंडची लीग जिंकली होती, २०१६-१७ ची, आणि आमच्या कोचच्या डोक्यात चेल्सीचा कोच कॉन्टे. पहिल्याच दिवशी पाटीवर चुंबकं लावून ३-४-३ समजावलं. मी विंगबॅक. माझा लेफ्ट हाफ कुठे गेला? तो 'आतला फॉरवर्ड' झाला. म्हणजे डावीकडची अख्खी लाइन, त्यांच्या कॉर्नर फ्लॅगपासून आमच्यापर्यंत, माझ्या एकट्याच्या नावावर. मी म्हटलं, "सर, मला एवढं पळता येणार नाही." तर म्हणाले, "व्हिक्टर मोझेस बघ. त्याला तरी कुठे येत होतं? शिकलाच ना?"

हे मोझेसचं उदाहरण नंतर मला इतक्या वेळा ऐकवलं गेलं की त्याच्याबद्दल मी सगळं वाचून काढलं. मोझेस हा कॉन्टेचा राइट विंगबॅक, पण मुळात विंगर. वर-खाली पळणं हाच त्याचा धंदा, चेल्सीने त्याला लागोपाठ तीन सीझन दुसऱ्या क्लबांना लोनवर दिलं तेव्हाही तो तेच करत होता. कॉन्टेने त्याला मागे यायला शिकवलं. पळणाऱ्याला थांबायला शिकवता येतं. थांबणाऱ्याला ऐन उमेदीनंतर पळायला कसं शिकवणार?

पहिलीच मॅच. समोरच्या टीमचा राइट विंगर लाइनला चिकटून उभा, आणि बॉल त्यांच्याकडे नसला तरी मागे जाईना. मी कोचच्या सांगण्याप्रमाणे वर. आमच्या हाफने मधोमध बॉल घालवला, त्यांच्या बॅकने न बघता माझ्या डोक्यावरून लांब मारला, आणि मी गोलकडे तोंड करून पळायला लागेपर्यंत विंगर पुढे निघून गेलेला. आता ३-४-३ मध्ये इथे काय व्हायला हवं? तिघा स्टॉपरांपैकी, म्हणजे मधल्या बॅकपैकी, डावीकडच्याने बाहेर सरकायचं, मधल्याने त्याची जागा घ्यायची, उजवीकडच्याने मध्ये यायचं आणि पलीकडच्या विंगबॅकने धावत येऊन चौथा बॅक व्हायचं. चौघांनी एकाच वेळी, कोणी न सांगता. आमचा डावीकडचा स्टॉपर हेडिंगला जबरदस्त होता, पण वळायला त्याला ट्रकइतकी जागा लागायची. तो बाहेर गेलाच नाही. जागेवर उभं राहून माझं नाव ओरडत राहिला. क्रॉस, गोल.

हाफ टाइमला कोच सगळ्यांसमोर मला म्हणाले, "ट्रॅक बॅक कर, फिटनेस नाहीये तुझा." मी विचारलं, "सर, मी वर कोणाच्या सांगण्यावरून होतो?" ते त्यांना आवडलं नाही. सेकंड हाफला मी मागे राहिलो, तर बाहेरून ओरडा, वर जा, आपल्याला विड्थ मिळत नाहीये. त्यात राइट विंगबॅकनेही घाबरून मागे राहायचं ठरवलं. झालं, पाच बॅक, मध्ये दोघं, पुढे तिघं, आणि मधल्या मोकळ्या मैदानात त्यांचे हाफ आरामात बॉल फिरवतायत. अजून दोन खाल्ले.

पुढच्या मॅचला मी बाहेर. माझ्या जागी टीममधला सगळ्यात जोरात पळणारा पोरगा. त्यानेही तिथूनच खाल्ले. उलट जास्त खाल्ले, कारण तो माझ्यापेक्षा जास्त वर जायचा. त्याच्याबद्दलही कोच हेच म्हणाले की फिटनेस नाही. त्या टीममध्ये फिटनेस फक्त पाटीवरच्या चुंबकांना होता.

मग एका मॅचला तिघांपैकी एक स्टॉपर आलाच नाही. नाइलाजाने ४-४-२. मी लेफ्ट बॅक, माझा जुना लेफ्ट हाफ माझ्यापुढे. एकही गोल खाल्ला नाही. कोच म्हणाले, समोरची टीम कमकुवत होती. पुढच्या आठवड्यात स्टॉपर परत आला आणि ३-४-३ पण.

आता मुद्द्याचं. माणसं चेल्सीचं नाव घेतात आणि अर्धीच गोष्ट सांगतात. त्या सीझनची सुरुवात कॉन्टेने चार बॅक ठेवूनच केली होती. २४ सप्टेंबर २०१६ ला आर्सेनलने ३-० ने धुतलं, त्याच मॅचच्या मध्यात त्याने तीन बॅक केले आणि पुढच्या मॅचपासून ते कायम ठेवले. सलग १३ लीग मॅच जिंकल्या. का जमलं ते बघा. डावीकडे अलोन्सो, जो वर जाऊन गोल करणारा बॅक. उजवीकडे मोझेस. तिघांपैकी उजवा स्टॉपर आझपिलिक्वेता, जो वर्षानुवर्षं कडेला फुलबॅक खेळलेला, म्हणजे लाइनवर जाऊन विंगरला एकटा अडवणं त्याला नवीन नव्हतं. पुढे मिडफिल्डमध्ये कांते आणि मॅटिच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आदल्या वर्षी चेल्सी लीगमध्ये दहावी आली होती, त्यामुळे त्या सीझनला युरोपच्या स्पर्धांच्या मॅच नव्हत्या. बाकीच्या मोठ्या टीम आठवड्याच्या मध्ये प्रवास करत होत्या तेव्हा हे लोक कोण कधी सरकणार याची घोटून घोटून प्रॅक्टिस करत होते. तुमची प्रॅक्टिस आठवड्यातून एकदा, त्यात अर्धी पोरं उशिरा येणार. कॉन्टेने आपल्याकडे कोण आहे ते बघून फॉर्मेशन निवडलं. आमच्या कोचने कॉन्टेकडे कोण आहे ते बघून निवडलं.

आणि हा कांते. २०१५-१६ ला तो लेस्टरमध्ये होता, लेस्टर ४-४-२ खेळून चॅम्पियन, अख्ख्या लीगमध्ये तीनच मॅच हरले. पुढच्या वर्षी तो चेल्सीत, चेल्सी ३-४-३ खेळून चॅम्पियन. फॉर्मेशन बदललं, कांते तोच. यावरून ज्याला जे शिकायचं ते त्याने शिकावं. मी हे कोचना सांगितलं होतं. ते म्हणाले, तुझ्या जागेचा विषय आहे म्हणून तू बोलतोयस. अर्थात माझ्या जागेचा विषय होता! तिथे मी उभा होतो, ते नव्हते.

तुमच्यासाठी ४-४-२ का, तर बॉल नसताना काय करायचं ते कोणालाही एका वाक्यात सांगता येतं. चौघं एका ओळीत, त्यांच्यापुढे चौघं, दोन ओळींत दहा-बारा मीटर, बॉल ज्या बाजूला त्या बाजूला सगळे सरका. बाजूच्या प्रत्येक लाइनवर दोन माणसं, म्हणजे कोणी एकटा सापडत नाही. फॉर्मेशन निवडताना लोक आपण अटॅक कसा करणार याचाच विचार करतात. हौशी फुटबॉलमध्ये बॉल दर चौथ्या पासला जातो. तो गेला त्या क्षणी तुमची पोरं कुठे उभी असतील, यावर सगळं ठरतं.

४-३-३ बद्दल थोडक्यात: तुमचे विंगर मागे येणार आहेत का? येणार नाहीत. मग ते सात जणांचं बचावाचं फॉर्मेशन आहे आणि तुमच्या तीन हाफना मैदानाची रुंदी झाकावी लागेल. ४-२-३-१ तर बोलूच नका. त्यात स्ट्रायकरच्या मागे एक दहा नंबरवाला असतो, जो हात पसरून बॉल मागत फिरतो. प्रत्येक टीममध्ये तो असतोच, त्याला अधिकृत जागा कशाला द्यायची?

कोणी म्हणेल की फॉर्मेशन हे काही कायमचं नसतं. खरंय. मँचेस्टर सिटी २०२३ ला चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा स्टोन्स बचावातून उठून मिडफिल्डमध्ये रॉड्रीच्या शेजारी जायचा, आणि बॉल गेला की परत मागे. अर्जेंटिनाने २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सविरुद्ध पाच बॅक लावले, क्रोएशियाविरुद्ध चार हाफ, आणि फायनलला डी मारियाला डावीकडे ठेवून फ्रान्सला तिथूनच फाडलं. हे वाचून तुमचा कोच दर मॅचला नवीन पाटी रंगवायला लागेल, म्हणून सांगतो: अर्जेंटिनाचा कोच स्कालोनी याच्याकडे जगातली निवडक माणसं होती, आणि पहिल्याच मॅचला सौदी अरेबियाकडून हरल्यावर त्याने माणसंही बदलली, नुसते आकडे नाही. तुम्ही एक फॉर्मेशन धरा आणि सीझनभर सोडू नका.

प्रत्यक्ष निवड कशी करायची ते विचारलंत. मी मागून सुरू करतो. आधी दोन स्टॉपर. ते हळू असतील तर तुमची बॅक लाइन खोल राहणार, मग पुढच्यांनाही खाली यावं लागणार, आणि तुमचा पळणारा स्ट्रायकर काउंटरसाठी (बॉल मिळताच झटकन उलटा हल्ला) ठेवायचा. ते फास्ट असतील तर लाइन वर आणा. गोली बाहेर येऊन बॉल घेतो का तेही बघा, तो गोललाइनवर खिळलेला असेल तर लाइन वर नेणं म्हणजे आत्महत्या. मग दोन फुलबॅक. मग मधले दोन हाफ, त्यातला एक तरी असा हवा की जो न सांगता जागेवर थांबेल. तुमच्या पायात बॉल ठेवणाऱ्या पोरांतला एक लेफ्ट किंवा राइट हाफ करा, लाइन सोडून आत येऊन खेळू दे, काही बिघडत नाही. स्ट्रायकर सगळ्यात शेवटी. ते कुठेही उभे केले तरी स्वतःला हवं तिथेच जातात.

आता ४-४-२ ची खोट. समोरच्यांनी मध्ये तीन हाफ ठेवले तर तुमचे दोघं कमी पडणार. उपाय सोपा आहे आणि लेस्टरनेच दाखवलाय: एक स्ट्रायकर वार्डीला पुढे सोडून दुसरा, ओकाझाकी, मागे उतरून त्यांच्या हाफला त्रास द्यायचा. तुमच्या दुसऱ्या स्ट्रायकरला हे पटणार नाही. पटवा. नाही पटलं तर त्याला बसवा.

आणि तीन बॅक कधीच खेळू नयेत असं माझं म्हणणं नाही. तुमच्याकडे ऐंशीव्या मिनिटालाही वर-खाली करणारे दोघं असतील, बाहेरचे दोन स्टॉपर आधी फुलबॅक खेळलेले असतील, आणि कोच आठवड्यातून तीन वेळा सरकण्याची प्रॅक्टिस घेणार असेल, तर ३-५-२ छान आहे. समोरच्या दोन स्ट्रायकरवर तुमचे तीन येतात, मध्येही एक माणूस जास्त मिळतो. या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर माझं वरचं सगळं विसरा. होत नसतील आणि कोच तरीही ऐकत नसेल, तर निदान एवढं कबूल करून घ्या की विंगबॅकच्या मागे गोल झाला तर आधी बाहेरच्या स्टॉपरला विचारायचं, मग विंगबॅकला. हाफ टाइमला, सगळ्यांसमोर, त्याच क्रमाने.

हे सगळं पूर्ण मैदानावरच्या अकरा जणांसाठी आहे. सात-सातचं खेळत असाल तर त्याचं गणित वेगळं, तिथे मी पडत नाही. आणि स्ट्रायकरबद्दल लिहिलंत, मिडफिल्डबद्दल लिहिलंत, पण तुमचा लेफ्ट बॅक कोण, तो पळतो की थांबतो, याबद्दल प्रश्नात एक शब्द नाही. ते कळवा, मग डाव्या बाजूचं बोलू.